कॉलनीच्या तलावातली हायड्रिला: मोरचूद टाकायचा की राहू द्यायची? (इंदूर)

काठावरची · इंदूर · २ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, कारण येत्या रविवारी आमच्या कॉलनीची बैठक आहे आणि त्याआधी मला नीट माहिती हवी आहे.

आम्ही धार रोडच्या बाजूला राहतो. कॉलनीच्या मागे एक लहान तलाव आहे. पावसाळ्यात काठोकाठ भरतो आणि मे महिन्यात निम्म्याहून जास्त आटतो. होळकरांनी बांधलेला सिरपूर तलाव इथून लांब नाही, त्यामुळे थंडीत तिकडचे पक्षी आमच्याकडेही उतरतात. यंदा दिवाळीपासून पाण्याखाली हिरवं रान माजलंय. वरून पाणी नुसतं काळपट दिसतं, पण हात घातला की मनगटाला लांबच लांब दोऱ्या गुंडाळल्या जातात. समितीचं म्हणणं, "शेवाळ फार झालंय, मोरचूद टाकून एकदाचं साफ करून घेऊ." एका ठेकेदाराने दरही देऊन ठेवलाय.

काल मी त्यातली एक फांदी घरी आणली. लेक अकरावीत आहे. तिने पाहिल्याबरोबर सांगितलं, "आई, ही तर दहावीच्या प्रॅक्टिकलवाली हायड्रिला!" चंचुपात्रात फांदी, वर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर परीक्षानळी. तो प्रयोग मीही शाळेत केला होता, पण तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलींच्या डोक्यांमुळे मला काही दिसलंच नव्हतं. आज सकाळी खिडकीतल्या बरणीवर ऊन आलं आणि फांदीच्या कापलेल्या टोकातून बुडबुडे निघायला लागले, एकामागून एक, माळ ओवल्यासारखे. चिमूटभर खायचा सोडा टाकल्यावर आणखी भराभर. गॅसवरची पोळी करपेपर्यंत मी तिथेच उभी होते.

मला विचारायचंय ते असं. ही नक्की हायड्रिलाच आहे का? असली तर जलकुंभीसारखी बाहेरून आलेली आहे का? आणि मोरचूद टाकला तर पुढे काय होतं?

---

जुना_वनस्पतीवाला · इंदूर · २ फेब्रुवारी, रात्री १०.५५

ताई, आधी ओळख पटवू. मी बीएस्सीच्या मुलांना बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी निम्मी मुलं इथेच चुकायची.

फांदी पाण्यातून काढून बोटांच्या चिमटीत धरा आणि टोकाकडून बुडाकडे ओढा. खरखरीत लागली तर पानांच्या कडांना दात आहेत. हायड्रिलाचे दात नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. मग एका पेरावर किती पानं आहेत ते मोजा. तीनपासून आठपर्यंत कितीही असू शकतात, पण बहुतेक वेळा पाच सापडतील, खोडाभोवती चक्रासारखी बसवलेली. पानाची मधली शीर पुष्कळदा तांबूस असते आणि तिच्याही खालच्या बाजूला बारीक काटे असतात.

फिशटँकच्या दुकानात हिच्या बहिणी मिळतात, एलोडिया आणि एगेरिया. त्यांची पानं हाताला मऊ लागतात. एलोडियाच्या पेरावर साधारण तीनच पानं. तलावात हिच्या शेजारी वाढणारी दुसरी एक आहे, सेराटोफायलम. तिची पानं जेवायच्या काट्यासारखी दुभागलेली असतात आणि तिला मुळं नसतातच. आणि हाताला उग्र, कुबट वास आला तर ती कारा. ती मात्र खरंच शैवाल आहे.

हायड्रिला शेवाळ नाही. तिला मूळ, खोड, पान, फूल, बी सगळं आहे. हायड्रोकॅरिटेसी कुळातली ती सपुष्प वनस्पती आहे आणि तिच्या प्रजातीत (जीनसमध्ये) ती एकटीच जाती (स्पीशीज) आहे. वैज्ञानिक नाव हायड्रिला व्हर्टिसिलाटा. व्हर्टिसिलाटा म्हणजे चक्रात पानं असलेली. नावापुढे रॉईल लागतं, तो जॉन फोर्ब्स रॉईल कानपूरला जन्मलेला आणि सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. त्याने १८३९ मध्ये तिला हे नाव दिलं. म्हणजे बाहेरची आहे का, याचं उत्तर तिथेच मिळतं. ती इथलीच आहे. भारतापासून कोरियापर्यंत आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तिचं घर आहे. जलकुंभी दक्षिण अमेरिकेतून आली. त्या दोघींना एका तराजूत घालू नका.

मोरचुदाबद्दल उद्या सविस्तर लिहितो. तोवर समितीला थांबवा.

---

काठावरची · ३ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

सर, खरखरीत लागली! चार पेरं मोजली: पाच, पाच, सहा, पाच. मधली शीर तांबूस आहे.

एक विचारायचं राहिलं. जुन्या पानांवर पांढरी, रेतीसारखी खर बसली आहे. नखाने खरवडली तर निघते. रोग आहे का?

---

जुना_वनस्पतीवाला · ३ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

रोग नाही, तो चुना आहे. आपल्या माळव्याचं काळ्या दगडातलं पाणी जड. दाट जाळीत दिवस वर आला की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपतो. मग हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढते, पानाजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट पानावर बसतं. बोअरच्या पाण्याने बादलीत जी खर धरते तीच ही. तुम्ही टाकलेल्या सोड्याने बुडबुडे वाढले तेही याच कारणाने, सोडा म्हणजे बायकार्बोनेटच.

हिच्याकडे आणखी एक कसब आहे. मका आणि ऊस कार्बन धरून ठेवायला जो खास मार्ग वापरतात, त्याला सी-फोर म्हणतात. त्यासाठी त्यांच्या पानात दोन प्रकारच्या पेशींची विशिष्ट रचना लागते. हायड्रिलाच्या पानात तशी रचनाच नाही, पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं. तरी पाणी तापलं आणि कार्बन कमी पडला की ती एकेका पेशीच्या आतच हा मार्ग सुरू करते. थंडीत परत साध्या पद्धतीवर. ऋतू पाहून स्वयंपाकाची पद्धत बदलावी तसं.

दोन पेशींच्या जाडीचा फायदा आम्हा मास्तरांना फार. पान कापावं लागत नाही. आख्खं पान थेंबभर पाण्यात काचपट्टीवर ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या शिरेजवळ बघा. हरितद्रव्याचे हिरवे दाणे पेशीच्या भिंतीकडेने रांगेत चालताना दिसतात, देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखे. दिव्याची ऊब लागली की वेग वाढतो. ज्या मुलांनी ते पाहिलं, त्यांना पेशी जिवंत असते हे मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

---

गप्पीवाला_दादा · इंदूर, राजेंद्र नगर · ३ फेब्रुवारी, दुपारी २.१०

सर, एक अनुभव सांगतो आणि तुमचं मत हवंय. दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या टबमध्ये मी हायड्रिला ठासून भरली. ऑक्सिजन देते म्हणून जितकी जास्त तितकी बरी, असा हिशेब. टबमध्ये साठेक गप्पी होते. आठवड्याने एका पहाटे गेलो तर निम्मे पोट वर करून तरंगत होते आणि उरलेले पृष्ठभागाला तोंड लावून गिळत होते. पाणी स्वच्छ, काही टाकलेलं नाही. मुलगा दिवसभर रडला. मला अजून वाटतं की शेजारच्या फवारणीचं काही उडून पडलं असेल.

---

जुना_वनस्पतीवाला · ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००

दादा, फवारणी नाही. उजेडात झाड ऑक्सिजन देतं, पण श्वास चोवीस तास घेतं. रात्रभर हायड्रिलाही ऑक्सिजन ओढते, मासेही ओढतात, तळाचा गाळही ओढतो. पहाटे साठा सगळ्यात कमी असतो, म्हणूनच तुम्हाला ते पहाटे दिसलं. टबच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच वनस्पती ठेवा.

आणि ताई, आता मोरचूद. तो टाकला तर हायड्रिलाचा वरचा भाग मरेल, खरं आहे. पण आठ-दहा दिवसांत ते सगळं एकदम कुजायला लागेल आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकेल. दादांच्या टबमध्ये जे पहाटे झालं ते तुमच्या तलावात दिवसरात्र होईल. मासे मरतील. गोगलगाई तर आधीच मोरचुदातल्या तांब्याने मरतील. कुजलेल्या पाल्यातलं नत्र-स्फुरद पाण्यात सुटेल आणि त्यावर सूक्ष्म शैवाल वाढेल, म्हणजे हिरवं, घट्ट, वास मारणारं पाणी. आज ज्याला लोक शेवाळ म्हणताहेत ते काढून खरं शेवाळ आणाल. तांबं तळाच्या गाळात बसून राहील ते वेगळंच. आणि एवढं करून हायड्रिला जाणार नाही, कारण तिचे कंद चिखलाच्या आत असतात आणि तिथवर औषध पोचत नाही.

---

टँपाची_मावशी · फ्लोरिडा · ४ फेब्रुवारी, पहाटे ४.२०

इंदूरचा धागा पाहून राहवलं नाही. माहेर लोकमान्य नगरचं, गेली २२ वर्षं इथे टँपाजवळ आहे. आणि हायड्रिलाचं अमेरिकेतलं सगळं दुखणं आमच्या गावापासूनच सुरू झालं.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिशटँकच्या झाडांच्या एका व्यापाऱ्याकडे ती श्रीलंकेतून आली. नको झालेली झाडं कालव्यात गेली. १९६० मध्ये ती क्रिस्टल रिव्हरमध्ये आणि मायामीच्या एका कालव्यात आपली आपण वाढताना सापडली, तेव्हा लोकांनी तिला एलोडियाच समजलं. मग काय, तलावच्या तलाव भरले. अनुकूल पाण्यात ती दिवसाला इंचभर वाढते. तळापासून वर येते आणि पृष्ठभागाला लागली की आडवी पसरून झाकणच घालते. बोटींचे पंखे अडकतात, पोहणारे अडकतात, खालच्या झाडांना उजेड मिळत नाही. दर वर्षी तिच्यावर प्रचंड खर्च होतो.

आणि गंमत नव्हे, फ्लोरिडात या जातीची फक्त मादी झाडं आहेत. नर नाहीच, म्हणून बी नाही. तरी पसरली, कारण एकच पेर असलेल्या तुकड्यातूनही नवीन झाड उभं राहतं. बोटीला चिकटलेला बोटभर तुकडा दुसऱ्या तलावात पडला की झालं. म्हणून इथे धक्क्याधक्क्यावर पाट्या आहेत, बोट धुवा, वाळवा, मगच दुसऱ्या पाण्यात घाला.

सगळ्यात वाईट गोष्ट गरुडांची. १९९४ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या डीग्रे तलावावर टकले गरुड झोकांड्या खाऊन मरायला लागले. मेंदूत पोकळ्या पडलेल्या. कारण सापडायला २०२१ उजाडलं. हायड्रिलाच्या पानांखाली एक नीलहरित जिवाणू वाढतो आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर तो विष बनवतो. ती पानं वारकरी पक्षी खातात आणि लुळ्या पडलेल्या वारकऱ्यांना गरुड खातात.

म्हणून मला तुमचा धागा वाचून प्रश्न पडला. हीच वनस्पती आपल्याकडे हजारो वर्षं आहे, मग तिकडे असं का होत नाही?

---

बडोदेकर · वडोदरा · ४ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

मावशी, वारकऱ्यांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्या डभोईजवळच्या वढवाणा तलावावर मी दर थंडीत जातो. गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेला, २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. तिथे वारकऱ्यांना हायड्रिला खाताना तासन्‌तास पाहिलंय. डोकं खाली, बुडी, आणि वर येतात तेव्हा चोचीत हिरवी दोरी लोंबत असते. बुडी मारता न येणारी गडवाल बदकं शेजारीच टपून असतात आणि ती दोरी चोचीतून ओढून घेतात. ही जाळी गेली तर माझ्या मते निम्मे पक्षी दुसरीकडे जातील. ताई, तुमचं सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर यादीत आहेत ना? २०२५ च्या जानेवारीत इंदूरला वेटलँड सिटी हा दर्जाही मिळाला. समितीला हेही सांगा.

---

शिंगाडेवाले_काका · देवास रोड · ४ फेब्रुवारी, रात्री ८.३०

सगळ्यांचं वाचलं. पक्षी आम्हालाही आवडतात. पण आमच्या घरी तीन पिढ्या तलाव ठेक्याने घेऊन शिंगाडा लावतात, तेव्हा दुसरी बाजू मी मांडतो. शिंगाड्याची वेल लहान असताना खालून ही उठली तर वेल वर येईपर्यंत दमते. आम्ही ती हाताने काढतो. सकाळी पाण्यात उतरायचं, बांबूला आडवी फळी बांधलेला दाताळा घ्यायचा आणि पिळून ओढायची, म्हणजे लोकर गुंडाळावी तशी गोळा होते. तुकडे मागे सोडायचे नाहीत, नाहीतर मावशी म्हणतात तसं पुन्हा उगवते. काठावर टाकली की दोन उन्हांत चुरा, कारण सगळं पाणीच. तो चुरा शेणखतात. ग्रासकार्प पाळणारे ओलीच घेऊन जातात, त्या माशाला याहून आवडतं काही नाही.

मोरचूद आम्ही कधी टाकला नाही. ज्यात फळ खायचं त्यात विष कसं टाकणार?

---

जुना_वनस्पतीवाला · ५ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

मावशींचा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे, म्हणून थोडं लांबवतो.

दिवस लहान झाले की हायड्रिला दोन तऱ्हांनी पुढची सोय करते. पानाच्या बेचक्यात हिरव्या, काटेरी, सुरूच्या फळासारख्या कळ्या धरते आणि त्या गळून वाहत जातात. शिवाय मुळाशी धावत्या खोडांच्या टोकांना चिखलात कंद धरते, वाटाण्याएवढे, पांढरट किंवा मातकट. हे कंद चिखलात चार वर्षांहूनही जास्त जिवंत राहू शकतात. फ्लोरिडाच्या एका प्रयोगात एका कंदापासून चौरस मीटरला ६,००० हून अधिक नवे कंद झाले.

आता फरक बघा. फ्लोरिडाचे तलाव बारा महिने भरलेले. आपला तलाव मे महिन्यात आटतो, चिखल भेगाळतो, वरचं सगळं वाळून जातं. आणि त्या उघड्या चिखलात एक भुंगेरा उतरतो, बॅगस अफिनिस. त्याच्या अळ्या हायड्रिलाचे कंद आतून पोखरतात. भारत-पाकिस्तानातला हा किडा अमेरिकेने १९८७ मध्ये फ्लोरिडात नेऊन सोडला. पण त्याला कोरडा पडलेला तळ लागतो. तिथे तो मिळाला नाही आणि किडा टिकला नाही. पान पोखरणारी एक माशीही इथूनच गेली, तिने थोडंफार काम केलं. मासे, वारकरी, म्हशी, शिंगाडेवाल्यांचा दाताळा, किडे, आणि वर वैशाखाचं ऊन. हायड्रिलाच्या गळ्यात हे सगळे लगाम आपल्याकडे आधीपासून आहेत. ती इथून गेली, लगाम इथेच राहिले.

म्हणून ताई, माझं समितीला सांगणं एवढंच असेल. तलाव उन्हाळ्यात टँकरने भरून "बारमाही सुंदर" करू नका. आणि सांडपाण्याची एखादी मोरी त्यात सुटत असेल तर आधी ती बंद करा. यंदा एवढी का माजली, याचं उत्तर बहुधा त्या मोरीत मिळेल.

जाता जाता, सकाळी दहाच्या सुमारास काठावर ओणवं होऊन पाहा. पाण्यावर रवा सांडल्यासारखं दिसलं तर ती नर फुलं. ती झाडापासून सुटून वर येतात आणि पृष्ठभागाला लागल्याबरोबर फटकन उघडून पराग हवेत उडवतात. मादी फूल लांब, बारीक नळीच्या टोकावर वर येऊन पाण्यात छोटा खळगा करून वाट पाहत असतं. पराग पाण्यात पडला तर वाया. हवेतून, वीतभर अंतरावरून, बरोबर त्या खळग्यात पडला तरच बी. जन्मभर पाण्याखाली राहणारं हे झाड लग्नाला तेवढं वर येतं.

---

काठावरची · ९ फेब्रुवारी, रात्री १०.१०

काल बैठक झाली. दोन तास चालली. मी बरणी घेऊन गेले होते आणि टेबलावर टॉर्च लावून बुडबुडे दाखवले. शिंगाडेवाल्या काकांचं "ज्यात फळ खायचं" हे वाक्य वाचून दाखवल्यावर दोन आज्या माझ्या बाजूने बोलल्या. मोरचूद रद्द. घाटाकडच्या पायऱ्यांपुरती पट्टी हाताने काढायची आणि बाकी राहू द्यायची. काका, दाताळा कसा बांधायचा ते दाखवायला याल का? येण्याजाण्याचं आम्ही बघतो.

आणि सर, मोरी सापडली. मागच्या गल्लीतल्या चार घरांचं पाणी पाइपने थेट तलावात जात होतं. ते काम लांबेल, चार घरांचा प्रश्न आहे, पण पाठपुरावा मी सोडणार नाही.

---

शिंगाडेवाले_काका · १० फेब्रुवारी, सकाळी ६.५०

ताई, शनिवारी येतो. येण्याजाण्याचं काही नको. बांबू हिरवा नको, वाळलेला घ्या.

---

काठावरची · २४ मे, रात्री ९.००

धागा वर आणतेय. आज सकाळी लेकीला घेऊन तलावात उतरले, म्हणजे जिथे पाणी नाही त्या भागात. चिखल ताटाएवढ्या तुकड्यांत तडकलाय. वाळलेली हायड्रिला त्यावर जुन्या जाळ्यासारखी चिकटलेली, उचलली की भुगा होते. आम्ही खुरप्याने एक तुकडा उलटा केला. खालची माती ओलसर होती. टीचभर खाली पहिला कंद लागला, मग एका ओंजळीत सतरा. लेकीने ते ओट्यावर कागदावर मांडले. सतरातले सहा हलके लागले. दाबले तर नुसतं साल, आत पोकळ, आणि एका बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. अकरा टणक.

मोरीचा पाइप एप्रिलमध्ये बंद झाला. चारपैकी तीन घरांचा. चौथ्याचं चालू आहे.

---

जुना_वनस्पतीवाला · २४ मे, रात्री ९.४५

ते पोकळ सहा जपून ठेवा, मी येऊन बघतो. टणक अकरातला एक पाण्यात घाला, बाकीचे जिथून काढले तिथेच परत पुरा.

---

काठावरची · १ जून, सकाळी ८.२०

दहा परत पुरले. एक वाटीत आहे, खिडकीत, त्याच जागी. काल टोकातून पांढरा कोंब आला होता, आज तो हिरवा झालाय आणि पहिलं चक्र उघडलंय. लेकीने भिंगातून मोजली. पाच पानं.